आफ्रिकेला जाताना मलेरियाच्या गोळ्या: घ्याव्यात की उगाच?

काजूवाला (डिचोली) | ४ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्यात मी खरेदी बघतो. इथली बी आमच्या कारखान्याला दोन-तीन महिनेही पुरत नाही, बाकीची आफ्रिकेतून येते. आजवर शेठ स्वतः जायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी मान टाकली, म्हणून माळ माझ्या गळ्यात. ६ मार्चला आयव्हरी कोस्टला निघतोय, सहा आठवड्यांसाठी. आबिजानला उतरून वर कोरहोगोच्या बाजूला जायचं. गोदामं फिरायची, बी कापून बघायची, आउटटर्न (एका पोत्यामागे गर किती निघतो तो आकडा) काढायचा आणि पोती ट्रकवर चढेपर्यंत तिथून हलायचं नाही.

गेल्या आठवड्यात वास्कोला जाऊन पिवळ्या तापाची लस घेतली. बाकावर शेजारी एक बोटीवरचा मुलगा बसला होता. त्याने विचारलं, मलेरियाच्या गोळ्या कुठल्या घेणार? मी म्हटलं, लस घेतली ना आता! तो हसायला लागला. ही लस वेगळ्याच रोगाची, हे मला त्या बाकावर कळलं. वय वर्षं ४३.

शेठ म्हणतात, "बारा वर्षं जातोय, एक गोळी घेतली नाही. आपण गोंयचे, आपल्याला डासांची सवय." मला शाळेत असताना दोनदा मलेरिया होऊन गेलाय, त्यामुळे तेही पटतं. बायको म्हणते घ्याच. एक मित्र म्हणतो, त्या गोळ्यांनी वेड्यासारखी स्वप्नं पडतात. खरं काय? कोणाला अनुभव?

तारवटी | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४८

शेठांशी सहमत. १८ वर्षं बोटीवर काढली. लागोस, डुआला, लुआंडा, सगळी बंदरं पाहिली. सेकंड मेट गोळ्या वाटायचा, आम्ही त्या समुद्राला अर्पण करायचो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, केबिनचं दार बंद, एसी चालू. काही होत नाही. उगाच लिव्हरला ताप कशाला?

उर्राक_उस्ताद | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०२

टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असतं. गोरे साहेब त्यात जिन घालून मलेरियापासून वाचले. आपण फेणी घालू. कारखाना काजूचा, औषधही काजूचं.

पाटो_पूल | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

हसून हसून पुरेवाट. वाचतोय.

सुरंगी (फोंडा) | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

तारवटीदादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. लिहू की नको असं करत शेवटी लिहितेय.

माझा धाकटा भाऊ बोटीवर कुक आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांची बोट नायजेरियात पोर्ट हारकोर्टजवळ महिनाभर नांगर टाकून उभी होती. तिथूनच साइन ऑफ करून चवथीसाठी घरी आला. आठ दिवस ठणठणीत. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) त्यानेच बांधली. नवव्या दिवशी अंग मोडून आलं, ताप १०२. पाहुण्यांची वर्दळ, पावसात भिजणं, आम्ही म्हटलं दमला असेल. क्रोसीन दिली. दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं तर प्लेटलेट ३८ हजार. सप्टेंबर महिना, त्यात प्लेटलेट कमी, म्हणजे डेंग्यूच, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली तरी "कधीकधी येते तशी" म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. शेजारणीने पपईचा पाला आणून दिला. त्याचा रस काढून मीच त्याला पाजला, अजून डोळ्यांसमोर आहे.

चौथ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. संध्याकाळी काहीबाही बडबडायला लागला. "स्टोअरची चावी दे" म्हणून आईला ओरडला. माझ्या मोठ्या काकांना वाटलं पिऊन आलाय. रात्री मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "कुठून आलाय हा?" बोटीवरून, हे आम्ही आधीही सांगितलं होतं. पण बोट म्हटलं की गोव्यात लोकांना दुबई नाहीतर युरोपची क्रूझ दिसते. तिने देश विचारला. अर्ध्या तासात रक्ताची स्लाइड बघून आली. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा घातक प्रकार, १२ टक्के लाल पेशींत जंतू.

पुढचे १९ दिवस लिहीत नाही. तीनदा डायलिसिस, पाच दिवस व्हेंटिलेटर. वाचला. घरी आल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त उतरलं, हिमोग्लोबिन ६.८. तेही मलेरियावर दिलेल्या आर्टेसुनेट इंजेक्शननंतर काही जणांत होतं म्हणे.

त्याच्याकडेही गोळ्या होत्या. बॅगेत, पाकीट न फोडलेलं.

तारवटी | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

ताई, माफ करा. भाऊ आता कसा आहे?

सुरंगी | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:२२

बरा आहे. परत बोटीवर गेला. डाव्या कानाने थोडं कमी ऐकतो. माफी कसली, तुमच्यासारखंच तोही बोलायचा.

स्टेथो | ५ फेब्रुवारी, दुपारी २:४०

डॉक्टर आहे, गोव्यातच. सुरंगीताईंनी लिहिलंय तसा इतिहास मी तीन-चार वेळा ऐकलाय, फक्त सण वेगळा. एकदा नाताळ होता, एकदा शिगमो.

काजूवाले, आधी तुमची "सवय". शाळेत झालेला तुमचा मलेरिया बहुधा व्हायवॅक्स. गोव्यात तोच जास्त होता. हिंव भरतं, माणूस गोधडीत थडथडतो, पण सहसा जीव जात नाही. आयव्हरी कोस्टला गाठ पडेल ती फाल्सिपेरमशी. एकाने आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी कामाची नाही. आणि ती टिकायला डास सतत चावत राहावे लागतात. तिथल्या मोठ्या माणसांना ती असते, कारण ते वर्षानुवर्षं त्यात आहेत आणि त्या वाटेवर त्यांनी लहान मुलं गमावलेली असतात. २०२३ साली जगभरात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. शेठ बारा वर्षं वाचले हे त्यांचं नशीब. तेवढं बोटाला धरून तुम्ही जाऊ नका.

फाल्सिपेरम घातक का? तो ज्या लाल पेशीत शिरतो ती चिकट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना डकून बसते. मेंदूत डकली की बडबड, झटके, बेशुद्धी. मूत्रपिंडातही रक्त नीट फिरत नाही, लघवी आटते. दर ४८ तासांनी जंतूंची नवी फळी बाहेर पडते आणि आकडा कित्येक पटींनी वाढतो. म्हणून सोमवारी "जरासा ताप" असलेला माणूस गुरुवारी आयसीयूत असतो. आणि ताप पुस्तकातल्यासारखा एक दिवसाआड येईल याची वाट बघू नका. सुरुवातीला तो रोज, कसाही येतो. जुलाब, खोकला, नुसती डोकेदुखी, कशाचंही सोंग घेतो.

गोळ्या घ्याच. कुठल्या, ते तुमची तब्येत बघून डॉक्टर ठरवतील. क्लोरोक्विनवर मात्र जाऊ नका, तिथल्या फाल्सिपेरमवर ती चालत नाही. साधारण तीन पर्याय असतात. डॉक्सिसायक्लिन रोज एक. स्वस्त, पण उन्हाने कातडी भाजते, आणि गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. घेऊन लगेच आडवं झालात तर अन्ननलिकेत जखम होते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एक, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून. तुमच्या मित्राची स्वप्नं ती हीच. फिट्स किंवा मानसिक आजार असेल त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. तिसरी अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, रोज एक, त्रास कमी, पण महाग आणि आपल्याकडे औषधाच्या दुकानात पटकन मिळेलच असं नाही.

मृदुऔषध | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

होमिओपॅथीत मलेरियासाठी प्रतिबंधक गोळ्या आहेत. साइड इफेक्ट शून्य. विचार करावा.

स्टेथो | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:१४

इफेक्टही शून्य. याबाबतीत मी गोड बोलणार नाही, त्यांच्या भरवशावर गेलेले लोक मलेरिया घेऊन परत आले आहेत.

किराईत | ५ फेब्रुवारी, दुपारी ४:००

आजी आम्हाला पावसाळ्यात रोज सकाळी किराईत पाजायची. नावच घेतलंय बघा. एवढं कडू की डासानेही चव घेऊन तोंड फिरवावं.

स्टेथो | ५ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

किराईत जरूर प्या, गोळीऐवजी नको. आणि उस्तादांचा हिशोबही करून टाकतो. टॉनिक वॉटरच्या लिटरमध्ये फार तर ८० मिलिग्रॅमच्या आसपास क्विनीन. उपचाराला मोठ्या माणसाला दिवसाला १८०० लागायचं. म्हणजे रोज २२ लिटर टॉनिक.

उर्राक_उस्ताद | ५ फेब्रुवारी, दुपारी ४:२३

टॉनिक २२ लिटर, तर फेणी किती लागेल हे डॉक्टरांनी सांगितलंच नाही.

मांडवीकाठी (पणजी) | ५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

थोडं अवांतर. "आपण गोंयचे, आपल्याला सवय" यावर हसू आलं. मलेरिया पणजीत पहिल्यापासून घरोघरी नव्हता. १९८६-८७ च्या सुमाराला बांधकामं जोरात सुरू झाली तेव्हा तो उसळला. स्लॅबवर क्युरिंगसाठी कोंडलेलं पाणी, उघड्या टाक्या, आणि मलेरियाच्या भागांतून आलेले मजूर, ज्यांच्या रक्तात जंतू असायचे. अॅनोफेलीस स्टेफेन्सी नावाच्या डासाला याहून काय हवं! तो शहरी डास, स्वच्छ पाण्यात, टाकीत-हौदात वाढणारा. आम्ही कॉलेजात होतो. आरोग्य खात्याचे लोक घरोघर येऊन बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचे, कडू गोळ्या समोर गिळायला लावायचे. विहिरीत गप्पी मासे सोडायचे. पुढे मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचं झालं, रक्त तपासल्याशिवाय साइटवर काम नाही. त्यावर तेव्हा किती वाद झाले! आजार मजूर आणतात म्हणून बोटं मोडणारे ठेकेदाराची उघडी टाकी मात्र बघायचे नाहीत. पण मलेरिया हटला तो या सगळ्या खटाटोपाने, सवयीने नव्हे.

गंमत म्हणजे आपला हाच स्टेफेन्सी आता आफ्रिकेत पोचलाय. २०१२ मध्ये जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे रुग्ण होते २७. २०२० मध्ये ७३ हजारांवर.

पाटो_पूल | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५२

आपण बी आणतो, डास पाठवतो.

नैरोबीकर | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

२२ वर्षं पूर्व आफ्रिकेत काढून आता म्हापशाला स्थायिक. नैरोबी उंचावर, तिथे मलेरियाची भीती कमी. मोम्बासाला, दार-ए-सलामला उतरलात की गोष्ट वेगळी.

मला सांगायचंय ते वेगळं. गोळ्या सर्वांत कमी कोण घेतं? पर्यटक घेतात, त्यांना घाबरवून पाठवलेलं असतं. घेत नाहीत ते "घरी" जाणारे. ब्रिटनमध्ये मलेरिया घेऊन परतणाऱ्यांत सगळ्यात जास्त हेच, आजीला भेटायला, लग्नाला गेलेले. आमच्याही घरी तेच. मी गोव्यात नऊ वर्षं राहून दार-ए-सलामला मुलाकडे गेलो, तेव्हा त्याने मच्छरदाणी लावली तर मी हसलो. पुढचं सांगत नाही, सुरंगीताईंएवढं गंभीर नव्हतं, पण सलाईन मोजलेत. आपल्या घरात कोण गोळी घेऊन झोपतं?

काजूवाले, मच्छरदाणी इथूनच घेऊन जा, औषध लावलेली. गावातल्या गेस्ट हाउसातली भोकाभोकांची असते. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, आणि गोदामातलं काम नेमकं तेव्हाच रेंगाळतं.

तारवटी | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

माझा मुद्दा थोडा राखून ठेवतो. उघड्या समुद्रात डास नसतो, हे खरंच आहे. पण नांगर टाकून नदीच्या मुखाशी उभं राहणं म्हणजे उघडा समुद्र नव्हे, हे मी आधी लिहायला हवं होतं. आणि आमच्यातही एक मोटरमन घरी पोचल्यावर गेला होता. वाडीत सांगितलं कावीळ झाली. आता वाटतं, कोणी स्लाइड बघितली होती का.

काजूवाला | ६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. सुरंगीताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली ही चूक झाली, आता गोळ्यांबरोबर तीही येते म्हणतेय. डॉक्टर, आता मलेरियाचीही लस निघालीय ना, पुण्यात बनते म्हणे?

स्टेथो | ६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आहे. आर-२१, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली. पण ती मलेरियाच्या देशांत राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे. तुमच्यासारख्या सहा आठवड्यांच्या पाहुण्यासाठी नाही.

गोळ्या, मच्छरदाणी, एवढं केलंत तरी शंभर टक्के खात्री नसते. परत आल्यावर ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. आणि "आयव्हरी कोस्टहून आलोय" हे स्वतःहून, मोठ्याने सांगायचं. पहिली स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून थांबायचं नाही, १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोन. लवकर सापडला तर गोळ्यांवर निभावतं. गंभीर झाला तर शिरेतून आर्टेसुनेट. भारत, बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशियात मिळून झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनीनवर ठेवलेल्यांतले २२ टक्के रुग्ण दगावले होते, आर्टेसुनेटवर १५ टक्के. मोठा फरक आहे. पण १५ टक्के हा आकडाही बघा, तोही हॉस्पिटलात पोचलेल्यांचा.

काजूवाला | २३ एप्रिल, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. १८ तारखेला सुखरूप घरी पोचलो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिली होती, निघण्याच्या आदल्या दिवसापासून रोज न चुकता घेतली. नाक आणि मान उन्हाने सोलून निघाली, पोरं मला भाजलेली बी म्हणतात. मच्छरदाणी खोलीत लावली तर तिथला गोदामाचा मुकादम येऊन बघून गेला, म्हणाला चांगली आहे, जाताना ठेवून जा. ठेवून आलो. त्याला तीन लहान मुलं आहेत.

घरी पोचल्यावर गोळ्या बंद केल्या. निम्मं पाकीट उरलंय, कोणाला जायचं असेल तर देईन.

स्टेथो | २३ एप्रिल, रात्री ८:२१

बंद?? पाकीट कोणाला देऊ नका!

काजूवाले, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे घ्यायची असते. चिठ्ठीवर लिहिलेलं असणार, बघा. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचे जंतू आधी यकृतात दडून बसतात, आठवडाभराने किंवा त्याहून उशिरा रक्तात उतरतात. ही गोळी त्यांना रक्तात गाठते, यकृतात नाही. तेव्हा ते उतरतील त्या वेळी गोळी अंगात हवी. अटोव्हाक्वोनवाली सात दिवसांत थांबवता येते कारण ती यकृतातच काम करते. मी डोस इथे सांगणार नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना आत्ता फोन करा. उद्या नको.

सुरंगी | २३ एप्रिल, रात्री ८:२५

दादा, फोन केला का?

काजूवाला | २३ एप्रिल, रात्री ९:०५

केला. बोलणी खाल्ली. चिठ्ठीवर खरंच लिहिलं होतं, इंग्रजीत, खालच्या ओळीला. आज रात्रीपासून परत चालू, १६ मेपर्यंत. चुकलेल्या पाच दिवसांमुळे तापावर जास्तच लक्ष ठेवायला सांगितलंय.

काजूवाला | २८ एप्रिल, सकाळी ६:५०

रात्री ताप आला. १००.४. लॅब उघडायच्या आधी दारात बसलोय.

स्टेथो | २८ एप्रिल, सकाळी ७:०२

देश सांगितलात?

काजूवाला | २८ एप्रिल, सकाळी ७:०४

लॅबमधली मुलगी विचारायच्या आधीच सांगितलं. ती म्हणाली, काका, हळू बोला.

काजूवाला | ३० एप्रिल, रात्री ८:००

तीनही स्लाइड निगेटिव्ह. घसा सुजलाय, धाकटीच्या शाळेतून आलेला. आजीच्या नावाने किराईत पितोय, गोळीबरोबर.

तारवटी | ३० एप्रिल, रात्री ८:१२

हुश्श.

काजूवाला | १७ मे, रात्री ९:३०

काल शेवटची गोळी. ताप नाही. शेठ ऑक्टोबरात टांझानियाला स्वतः जाणार आहेत, गुडघा बरा झालाय. काल हिशोबाची वही बंद करता करता म्हणाले, "त्या तुझ्या गोळ्यांचं नाव काय रे?" चिठ्ठीची झेरॉक्स मागत होते. म्हटलं झेरॉक्स नको, डॉक्टरकडे तुम्ही चला, मी येतो बरोबर.

उर्राक_उस्ताद | १७ मे, रात्री ९:३४

सगळं ठीक. पण यंदा आउटटर्न किती लागला ते सांगा.

काजूवाला | १७ मे, रात्री ९:४१

४६. शेठ ४८ म्हणत होते. त्यावर वेगळा धागा काढतो.